मूक पित्याची उजवी बाजू

"थोर नाटककार नाटक लिहीत नसतो, कुंभोजकर. त्याचं आयुष्य आणि त्याचा काळ त्याच्याकडून ते लिहून घेतात," डॉ. हुपरीकर म्हणाले आणि माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणावर त्यांनी पोह्यांची बशी ठेवली.

"लिहून घ्या हे."

मी लिहून घेतलं. प्रबंधात हे वाक्य आधीच तीन ठिकाणी होतं. चौथी जागा शोधायला हरकत नव्हती.

एकोणनव्वद सालचा जानेवारी होता. तालुक्याच्या एका कॉलेजात मी मराठी शिकवत होतो, तात्पुरता. तीस जूनपर्यंत पीएच.डी. झाली तर कायम होणार होतो. नाही झाली तर माझ्या जागेवर संस्थेच्या अध्यक्षांचा भाचा येणार होता. भाचा सत्शील होता. रोज अकराच्या सुमाराला आमच्या स्टाफरूममध्ये यायचा, सगळ्यांना नमस्कार करायचा आणि जाताना माझी खुर्ची जराशी सरळ करून जायचा.

माझा विषय होता नाटककार गो. न. बुधगावकर. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि विद्यापीठात ते नुकतेच जिवंत झाले होते. तीन नाटकांवर त्यांची कीर्ती उभी होती. एकोणसाठ सालच्या 'वडिलांची खोली'त वडील लकवा होऊन खाटेवर पडलेले असतात, हनुवटीपर्यंत पांघरूण, तीन अंकांत एक शब्द नाही. अडुसष्टच्या 'सकाळचा पेपर'मध्ये वडील आरामखुर्चीत पेपरामागे बसलेले असतात, तीन अंकांत एक शब्द नाही. आणि सत्त्याहत्तरच्या 'तेरावा दिवस'मध्ये पडदा उघडण्यापूर्वीच वडील वारलेले असतात, त्यामुळे प्रश्नच नाही.

या वडिलांना हुपरीकर सरांनी 'मूक पिता' असं नाव दिलं होतं आणि त्याच्यावर बंगला बांधला होता. बंगल्याचं नाव 'मौन'. सर तिथे दिवसभर बोलत असत. पहिल्या नाटकातलं मौन म्हणजे स्वातंत्र्यानंतरचा भ्रमनिरास. दुसऱ्यातलं म्हणजे मध्यमवर्गाचा पळपुटेपणा. तिसऱ्यातला मृत्यू म्हणजे आणीबाणीचा शेवट. काळही इतका शहाण्यासारखा वागला होता की प्रत्येक नाटकाच्या आगेमागे त्याने काहीतरी घडवून ठेवलं होतं.

"पण सर, बुधगावकरांचे खरे वडील पोस्टमास्तर होते," मी एकदा भीत भीत म्हटलं होतं. "फार बोलके. गावातले लोक तिकीट घ्यायला पुढच्या गावाला जायचे."

"बरोबर. बोलक्या बापाचा मुलगा मूक बापच लिहिणार."

"आणि बाप अबोल असता तर?"

"तर प्रश्नच नव्हता. कोथिंबीर घ्या."

त्या दिवशी सरांना एकच उणीव जाणवत होती. "एक प्रत्यक्षदर्शी हवा. कृष्णाकाठ नाट्यसंघातलं कोणीतरी. तालमीत वडिलांच्या प्रवेशाला लेखकाच्या डोळ्यांत पाणी यायचं, असं सांगणारं. परिशिष्ट सजतं त्यानं."

"पाणी येत नसलं तर?"

"तीस वर्षं झाली, कुंभोजकर. आठवेल कुणाला तरी."

कृष्णाकाठ नाट्यसंघाने ही तिन्ही नाटकं सांगली-कोल्हापूरकडे गावोगाव केली होती. संघाची जुनी माहितीपत्रकं माझ्याकडे होती. त्यांत नायकापासून बत्तीवाल्यापर्यंत सगळ्यांची नावं होती. 'वडील' या शब्दापुढे मात्र काही नव्हतं, नुसती टिंबं. या टिंबांवर सरांचा एक स्वतंत्र निबंध होता, 'अनामिक पिता'. चर्चासत्रात तो वाचल्यावर नागपूरकडच्या डॉ. वऱ्हाडपांडे बाई उठून उभ्या राहिल्या होत्या, असं सर सांगत.

संघातली बरीच माणसं गेली होती. सांगलीत त्यांचा रंगपटवाला सापडला. त्याला मी विचारलं, "वडिलांचं काम कोण करायचं?"

"वडील होय? ते कुरुंदवाडात असतात. मुलीकडं," तो म्हणाला.

*

कुरुंदवाडात कोष्टी गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांचं घर होतं. शेजारी यंत्रमाग धडधडत होता, त्यामुळे त्या घरी सगळेच ओरडून बोलत. मुलगी अक्काताई ओरडून "या" म्हणाली, मी ओरडून नाव सांगितलं. एकटे ईश्वरतात्या कोष्टी ओरडत नव्हते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा वाळका माणूस भिंतीला टेकून बसला होता. ओठ हलल्यासारखे वाटत नव्हते. आवाज अगदी खाली, पण मागाच्या खडखडाटातून शब्द न् शब्द सरळ माझ्या कानात येत होता.

"बुधगावकरांच्या नाटकातले वडील तुम्हीच का?"

"दोन नाटकांत. तिसऱ्यात मेलो."

मी वही उघडली. "भूमिकेची तयारी कशी करायचा?"

"पांघरून घ्यायचो."

"नाही, म्हणजे मनाची तयारी. त्या मौनामागे मनात काय चाललेलं असायचं?"

"मौन कुठलं, मास्तर?" तात्या म्हणाले. "तीन अंक अखंड बोलत हुतो की. प्रॉम्प्टर न्हवं का मी."

मी पेन खाली ठेवलं. अक्काताईने चहा आणून ठेवला आणि म्हणाली, "तात्यांनी अजून सांगितलं न्हाई व्हय तुमाला? साऱ्या गावाला सांगून झालंय."

मग तात्यांनी सांगितलं. संघ होता आप्पासाहेब मगदुमांचा. गुळाचे व्यापारी, आणि त्याआधी पैलवान. संघ त्यांचा म्हणून नायकही तेच. पण पाठांतर शून्य. त्यात तालमीच्या लाल मातीत डावा कान मोडून त्याची कुरडई झालेली, उजवा तेवढा कामापुरता. प्रॉम्प्टरने विंगेतून कितीही सांगितलं तरी साहेबांपर्यंत पोचायचं नाही.

"पयल्या रांगेला पोचायचं," तात्या म्हणाले. "हरिपूरच्या प्रयोगात सायबांच्या आधी एका म्हातारीनंच वाक्य म्हटलं. टाळ्या तिला पडल्या. दुसऱ्या दिवशी गोपाळराव आले, बुधगावकर वो, म्हणाले, ईश्वरा, उद्यापास्नं तू वडील. लकवा झालाय तुला. सायबाच्या उजव्या हाताला झोपायचं."

"म्हणजे मूळ नाटकात वडील नव्हतेच?"

"नाटकाचं नाव 'माडीवरची खोली' हुतं. वडिलांचं नंतर केलं. खाट दिसायलीय म्हटल्यावर काहीतरी करायला पायजे की."

मी हळूच विचारलं, "आणि तो प्रवेश? मुलगा वडिलांच्या छातीवर डोकं ठेवून चार मिनिटं रडत बोलतो तो?" या प्रवेशावर सरांची बावीस पानं होती.

"चार पानांचं भाषण हुतं. लांबनं ऐकूच येईना. मग गोपाळराव म्हणाले, छातीवर डोस्कं ठेवा, साहेब. उजवा कान खाली. लोक हुंदकं देऊन रडायचे. मी आत बॅटरी धरून पानं उलटायचो."

बॅटरी! तेव्हाच्या एका परीक्षणात 'पित्याच्या छातीतून क्षीण प्रकाश पाझरत असल्याचा भास' अशी नोंद होती. सरांनी त्याला आत्मतेज म्हटलं होतं.

"आणि दुसऱ्या नाटकात पेपर..."

"उकडायचं वो पांघरुणात. दौरा मे महिन्याचा. मी म्हटलं, गोपाळराव, औंदा मला बसता येईल असं लिवा. मग पेपरात वही."

आता सत्त्याहत्तर साल विचारायची माझी छाती होत नव्हती. पण परिशिष्ट सजवायचं होतं. "तिसऱ्या नाटकात वडील मरतात. तेव्हा आणीबाणी उठली होती..."

"आणीबाणीचं मला म्हाईत न्हाई. सायबांनी मिरजेतनं कानाचं मशीन आणलं."

"ते नाटक पडलं ना?"

"मशीन शिट्टी मारायचं. 'वडील गेले' म्हटलं की शिट्टी. लोक हसायचे."

अक्काताईने आतून एक वही आणली. तेलकट पुठ्ठा, सुतळीने बांधलेली. 'वडिलांची खोली'ची प्रॉम्प्टरची प्रत. पानापानावर तांबड्या पेन्सिलीच्या खुणा, आणि समासात बुधगावकरांचं अक्षर, जे मी पाच वर्षं भिंगातून पाहिलं होतं. 'ईश्वरा, इथे साहेब अडतील.' 'ईश्वरा, इथे खोकू नकोस, तुला लकवा आहे.'

"तात्या, मग माहितीपत्रकात तुमचं नाव का नाही?"

तात्या पहिल्यांदा थोडं थांबले. नंतर कळलं की थांबायचं कुठे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"दौऱ्यावर आम्ही माणसं चौदा. नव्या गावात जेवायला बसलो की पानं तेरा. का? मॅनेजर दोन याद्या वाचायचा. एक बोलणाऱ्या माणसांची, एक पडद्यामागच्यांची. मी बोलत न्हाई, म्हंजे नट न्हवं. पडद्याम्होरं झोपतोय, म्हंजे पडद्यामागचा न्हवं. अकराशे चाळीस प्रयोग झाले, पण यादीत काय बसलो न्हाई."

"मग जेवायचात कधी?"

"सायबांचं झालं की त्येंच्या जागेवर." त्यांनी वहीवरची सुतळी पुन्हा आवळली. "मास्तर, एवढं करा. तुमच्या पुस्तकात नाव घाला. ईश्वरा आण्णाप्पा कोष्टी. कंच्याबी यादीत चालंल."

"घालतो," मी म्हटलं. आणि त्या क्षणी मी खरोखरच घालणार होतो.

*

हुपरीकर सरांनी सगळं शांतपणे ऐकलं. 'मौन' बंगल्यात इतकी शांतता मी प्रथमच अनुभवत होतो.

"ती वही आणखी कुणी पाहिली आहे?"

"नाही."

"तुमचा प्रबंध टंकून तयार आहे. एक मार्चला तो दाखल होईल. मौखिकी जूनमध्ये. बाहेरच्या परीक्षक वऱ्हाडपांडे बाई. त्यांना 'अनामिक पिता' अतिशय आवडतो."

"पण सर, पिता अनामिक नाही. कोष्टी आहे."

सरांनी चष्मा काढला. "कुंभोजकर, प्रॉम्प्टर हा साहित्याचा भाग नसतो. रंगभूमीचाही नसतो."

"मग कशाचा असतो?"

"सोयीचा. आणि सोयीवर पीएच.डी. मिळत नाही. लिंबू पिळून घ्या, कोरडे लागतील."

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये भाच्याने मला विचारलं, "सर, या खिडकीतून उन्हाळ्यात ऊन येतं का हो?" मी म्हटलं, "दुपारी तीननंतर." त्याने मान डोलावली.

प्रबंध तीनशे बारा पानांचा होता. तात्यांचं नाव खरेपणाने घालायचं तर त्यातली दोनशे नव्वद काढावी लागली असती. मी मधला मार्ग शोधला. मधला मार्ग शोधण्यात आम्हा मराठीच्या प्राध्यापकांचा हात कोणी धरणार नाही. पान नऊ, ऋणनिर्देश. त्यात सर, सरांच्या सौभाग्यवती, ग्रंथपाल, टंकलेखक आणि माझी सासुरवाडी यांच्यानंतर मी लिहिलं, 'तसेच कृष्णाकाठ नाट्यसंघाचे ज्ञात-अज्ञात सहकारी.' एक कार्बन प्रत कुरुंदवाडला पाठवली. पाठवायला नको होती, पण शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द अर्धा पाळला की तो मोडला असं वाटत नाही.

एप्रिलमध्ये पोस्टकार्ड आलं. वळणदार, मोकळं अक्षर, दुरून वाचता यावं असं.

'पान नऊ वाचले. यातला ज्ञात मी का अज्ञात? बाकी वाचतो आहे. ई. आ. कोष्टी.'

मी उत्तर दिलं नाही. मे महिनाभर देणार होतो.

*

सतरा जूनला मौखिकी होती. विभागाच्या पायरीवर तात्या उभे होते. पांढरा धुवट शर्ट, धोतर, हातात कापडी पिशवी. पिशवीतून सुतळी बाहेर डोकावत होती.

"तात्या, तुम्ही? इथे?"

"पेपरात वाचलं. खुली हाय म्हणं, कुणीबी बसावं."

"हो, पण... वही आणलीत?"

"आणलीय की. प्रयोगाला मोकळ्या हातानं कधी गेलो न्हाई." त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "मास्तर, तुमचा कंचा कान बरा हाय?"

"दोन्ही. का?"

"इचारलं."

खोलीत लांब टेबल होतं. पलीकडे वऱ्हाडपांडे बाई, हुपरीकर सर आणि विभागप्रमुख. अलीकडे मी. माझ्या मागे भिंतीपाशी खुर्च्यांची रांग, तिच्यात विभागातले चार जण, दोन विद्यार्थिनी आणि तात्या. नेमके माझ्या उजव्या खांद्यामागे. विभागातला लिपिक हजेरीचा कागद घेऊन फिरला. तात्यांपाशी येऊन त्याने विचारलं, "आपण विद्यार्थी का प्राध्यापक?" तात्या म्हणाले, "दोन्ही न्हाई." लिपिक थोडा घुटमळला आणि कागद घेऊन पुढे गेला.

बाई बारीक चणीच्या, हसऱ्या आणि भयंकर होत्या. अर्धा तास त्यांनी स्वातंत्र्य, भ्रमनिरास, मध्यमवर्ग असे ठरल्या रस्त्यावरचे प्रश्न विचारले. मी रस्त्यावरची उत्तरं दिली. सर डोळे मिटून मान हलवत होते. मग बाईंनी प्रबंध मिटला.

"मला एकाच गोष्टीचं कुतूहल आहे. मी दोन्ही नाटकांच्या रंगसूचना ताडून पाहिल्या. खाट असो की आरामखुर्ची, वडील कायम मुलाच्या उजव्या हाताला आहेत. मुलगा खिडकीकडे वळला तर खुर्चीसुद्धा सरकवून घेतो, पण वडिलांना डावीकडे येऊ देत नाही. हे लेखक इतक्या कटाक्षानं का करतो?"

खोलीत पंखा फिरत होता. मला कारण ठाऊक होतं. तीनशे बारा पानांच्या प्रबंधाच्या मौखिकीत, ज्याचं खरं उत्तर मला येत होतं असा हा पहिला आणि शेवटचा प्रश्न. डावा कान. कुरडई. ते जिभेवर आलं. सरांनी डोळे उघडले. मला तीस जून दिसला. भाचा दिसला, तीननंतरच्या उन्हात बसलेला. मी खरं उत्तर गिळलं आणि त्याबरोबर खोटंही पोटात गेलं. पान एकशे चौऱ्याऐंशीवर त्याचंच स्पष्टीकरण मीच लिहिलं होतं, त्यातला एक शब्द आठवेना.

मागे सुतळी सुटल्याचा आवाज झाला.

संपलं, मला वाटलं. आता हा माणूस उठणार, वही टेबलावर ठेवणार, आपलं नाव सांगणार. आणि त्यानं तसं केलं असतं तर त्याचं काय चुकलं असतं?

"उजवी बाजू ही आपल्या परंपरेत..."

आवाज अगदी खाली होता. फक्त माझ्या उजव्या कानात.

"...अधिकाराची बाजू होय."

"उजवी बाजू ही आपल्या परंपरेत अधिकाराची बाजू होय," मी म्हणालो.

"पित्याला तेथून हलवता न येणे..."

"पित्याला तेथून हलवता न येणे हीच या पिढीची शोकांतिका."

"थांबा," आवाज म्हणाला. मी ते म्हणायला तोंड उघडलं आणि वेळेवर मिटलं. थांबलो. बाई पुढे झुकल्या. बरोबर दोन श्वासांनंतर आवाज आला, "मुलगा पित्याला उजवीकडे ठेवतो,"

"मुलगा पित्याला उजवीकडे ठेवतो,"

"कारण डावीकडे हृदय आहे, आणि तेथे त्याला कोणीच नको आहे."

घरी कुरुंदवाडी बोलणाऱ्या त्या माणसाचा एकही स्वर इकडचा तिकडे नव्हता. मी ते वाक्य म्हटलं. लिहिताना मला ते जरा जास्त झालं असं वाटलं होतं. आता खोलीत कोणीतरी सुस्कारा सोडला. बाईंनी चष्म्याखाली बोट फिरवलं.

"शेवटचं वाक्य फार आतून आलं हं तुमचं," त्या म्हणाल्या.

सरांना काही कळलं नाही. ते स्वतःचे विचार ऐकण्यात गढून गेले होते.

पंधरा मिनिटांत निकाल जाहीर झाला. बाईंनी प्रबंध छापण्याची शिफारस केली. पुढे तो छापला गेला, त्याची दुसरी आवृत्तीही निघाली आणि तीत पान नऊ जसंच्या तसं आहे. मी कायम झालो. भाचा तहसील कचेरीत लागला. गेली बारा वर्षं मी त्याच विद्यापीठात मूक पिता शिकवतो. विद्यार्थ्यांना तो आवडतो, उत्तरं लांबवता येतात.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी लोक मला हार घालत होते आणि तात्या खाली बसून सुतळी बांधत होते. पिशवीतून बाहेर आलेली वही 'वडिलांची खोली'ची नव्हती. माझ्या प्रबंधाची कार्बन प्रत होती. पुठ्ठा घातलेली, पानापानावर तांबड्या पेन्सिलीच्या खुणा. पान एकशे चौऱ्याऐंशीच्या समासात त्यांनी लिहिलं होतं, 'इथे मास्तर अडतील.'

"तात्या," मी हळूच म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं हे सगळं खोटं आहे म्हणून."

"व्हय की."

"मग सांगितलंत का?"

"तुम्ही अडलात."

"पण खरं सांगता आलं असतं तुम्हाला. नाव लागलं असतं."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. एखाद्या नव्या नटाकडे पाहावं तसं. "मास्तर, समोर जे लिवलेलं असतंय ते द्यायचं. खरं हाय का खोटं, ते लिवणाऱ्यानं बघायचं. मी खरं-खोटं बघत बसलो असतो तर अकराशे चाळीस प्रयोग झाले असते व्हय?" मग जरा थांबून म्हणाले, "नावाचं बघा जमलं तर."

"बघतो," मी म्हटलं.

तेवढ्यात शिपायाने चहाचा ट्रे आणला. खोलीत आम्ही अकरा जण होतो. लिपिकाने हजेरीच्या कागदावरच्या सह्या मोजून चहा सांगितला होता. कप दहा होते. माझा मी घेतला.